अठ्ठावीस दिवसांचा महिना

विट्याच्या स्टँडसमोर, रसवंतीला चिकटून
माझं आठ बाय सहाचं दुकान.
रिचार्ज, झेरॉक्स, आधार लिंक,
आणि काउंटरच्या काचेखाली हातानं लिहिलेला तक्ता:
तीनशे एकोणपन्नास, अठ्ठावीस दिवस, रोज दोन जीबी.
आठशे नव्व्याण्णव, चौऱ्याऐंशी दिवस, रोज दीड.
तीन हजार पाचशे नव्व्याण्णव, वर्षभर.
फाइव्ह-जी असेल तिथं लाल पेनानं चांदणी.
चांदणी म्हणजे काय, कुणी विचारलं तर सांगतो:
टॉवरची मर्जी.

लेंगऱ्याच्या मालनवहिनी तक्ता वाचतात
बाजारात वांगं दाबून बघावं तसा.
नवरा जालिंदर सेलमला, गलाईच्या दुकानात.
दिवाळीला येत नाही, यात्रेला येतो.

"दिवसाला किती पडतं, ते सांगा."
मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत
त्यांचा अंगठा पेरांवरून फिरून आलेला:
साडेबाराच्या आत. पावणेअकरा. दहालाही कमी.
"म्हंजे ज्याच्याकडं एकदम हायेत, त्याला स्वस्त.
आन् अठ्ठावीस दिवसांचा महिना कुठल्या पंचांगात?"
कंपनीच्या, वहिनी.
"मग त्यांच्यात दरसाल अधिक मास.
जावयाला वाण कोण देतंय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
"रोजचं दोन जीबी. आमी वापरतो पाऊण.
ऱ्हायलेलं?"
रात्री बाराला जातं.
"कुठं?"

बारा वर्षं दुकान चालवतोय,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
सेलमच्या दुकानात म्हणे फरशीचा केर टाकत नाहीत.
पायपुसणं जाळतात, राख ठेवतात,
हात धुतलेलं पाणी पिंपात निवळू देतात,
वर्षाकाठी सगळं गाळलं की
गुंजभर तरी पिवळं निघतंच.
"केरात सोनं गावतं,
आन् तुमचं सव्वा जीबी गावत न्हाई व्हय?"

शेवटी चांदणीवाला घेतला.
जुन्या नेटवर जालिंदर अर्ध्या वाक्यात थांबायचा,
तोंड उघडं, मुशीखालची ज्योत निळी, जागच्या जागी.
उरलेलं वाक्य वहिनी आपल्या मनानं भरायच्या.
किती वर्षं संसार असाच चालला,
अर्धा त्याचा, अर्धा यांनी रचलेला.

आठ दिवसांनी आल्या. झेरॉक्सला.
स्पीड कसा आहे, मी विचारलं.
"लई चांगलाय,"
आणि रेशनकार्डाची घडी मोडत बसल्या.
मग सांगितलं, माझ्याकडं न बघता,
की त्याच्या भुवया जळाल्यात,
बोटं तेजाबानं पिवळी पडलीत,
मागं एका खोलीत सहाजण झोपलेले मोजता येतात.
"बरं हाय म्हणला.
पण म्हणायच्या आदी थांबला.
आन् ते थांबणं नेटचं नव्हतं."

झेरॉक्सचे दोन रुपये मी घेतले नाहीत.
त्यांनी ते काचेवर ठेवले,
बरोबर तीनशे एकोणपन्नासवर.

अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा तक्त्यासमोर.
मी तयारीत होतो: कुठला स्वस्त, कुठला पळतो,
कुठल्याला घाटात रेंज सुटते.
त्यांनी वेगळंच विचारलं,
यात्रेला किती दिवस राहिले?
कॅलेंडरची पानं मीच उलटली. एकोणऐंशी.
"मग चौऱ्याऐंशीचा मारा."
पाच दिवस वर जातील, वहिनी. वाया.
"जाऊ द्या वाया,
तवा त्यो हितंच असंल."

नऊशे दिले.
सुटा रुपया नव्हता, मी बरणीतलं चॉकलेट पुढं केलं.
त्या उभ्या राहिल्या,
रसवंतीवाल्याकडनं मी रुपया आणेपर्यंत.